'ऑप्शन अ‍ॅग्रीमेंट'ला इसार म्हणायचं का?

शब्दवेडी: इंग्लंडच्या एका कायद्यावरच्या लेखाचं भाषांतर करतेय आणि अडकलेय. तिकडे २०२३च्या कायद्यानं सरकारला अधिकार मिळालाय की जमीन विकत न घेता नुसत्या करारानं अडवून ठेवली असेल तर त्या कराराची माहिती मागवून लोकांसमोर ठेवायची. बिल्डर शेतमालकाकडून ऑप्शन, म्हणजे वाटलं तर पुढं विकत घ्यायचा हक्क, घेतो, वर्षानुवर्षं गप्प बसतो, बांधकामाची परवानगी मिळाली की मग खरेदी. तिकडचं जमिनीचं रजिस्टर १९९० पासून फी भरून कुणालाही बघता येतं, पण त्यात नोटीस लागलेली असली तरी आतल्या अटी पुष्कळदा कळतच नाहीत. तर ऑप्शनला मी 'इसार' लिहिलं, संपादक म्हणतात 'विकल्प करार' करा. हे वाचून आडगावच्या शेतकऱ्याला काय कळणार?

जुना फेरफार: ताई, इसार चुकीचा. इसारात दोघंही बांधले जातात, घेणारा फिरला तर त्याचा इसार बुडतो. ऑप्शनमध्ये घेणारा मोकळा, देणारा तेवढा खुंट्याला. नोकरीत असताना रोज बघितलंय, इसारपावती असायची स्टॅम्पपेपरवर, कपाटात. सातबाऱ्यावर काही नाही, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्तांची सूची) काढला तरी काही नाही, आणि तिसराच माणूस जाहीर नोटीस वाचून धावत यायचा.

पंचवटीकर: इसार नाही, विसार. आमची आजी विसारच म्हणायची.

द्राक्षबाग: आता दोन्ही गेलं, सगळे 'टोकन' म्हणतात. दिंडोरीकडं आमच्या चुलत्यानं टोकन घेतलं आणि तीन वर्षं जमीन ना विकता आली ना बाग लावता आली, समोरचा फोनच उचलेना. हेच तुमचं ऑप्शन. मी तर 'टोकन' लिहीन.

शब्दवेडी: टोकन म्हणजे पैसे झाले हो, मला करार पाहिजे. साठेखत चालेल?

साटेलोटे: साटेखत! साठवण्याशी काही संबंध नाही, साटं म्हणजे सौदा, साटेलोटे त्यातलंच. आणि तेही इथं बसत नाही, साटेखतात विकायचं ठरलेलं असतं. तरी आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ म्हणतं की नुसत्या विक्रीच्या करारानं जमिनीत हक्क तयार होत नाही.

जुना फेरफार: सगळ्या दस्तांत साठेखतच छापलेलं असतं. चाळीस वर्षं 'ठ'च लिहिला, कुणाची जमीन बुडाली नाही.

साटेलोटे: चूक जुनी झाली म्हणून बरोबर होते का? उद्या कुलमुखत्यारपत्रातला 'कुल' म्हणजे कुळकायद्यातलं कूळ म्हणाल. तो अरबी आहे, कुल म्हणजे सगळं.

पंचवटीकर: मग अरबी काढूनच टाका की. सावरकरांचं भगूर जवळच आहे, भाषाशुद्धीचा वारसा आपलाच. 'महापौर'ला पण लोक हसलेच असतील, आज कुणी मेयर म्हणतं का?

द्राक्षबाग: महापौर रुजला पण जमीन, तहसील, दस्त कुठं हटले? जमिनीचं पुष्कळसं अरबी-फारसीतच आहे भाऊ, ते काढलंत तर सातबारा कोरा होईल. (तसा झाला तर आमची हरकत नाही, सोसायटीचं कर्ज आहे.)

शब्दवेडी: कृपया मुद्द्यावर या. अजून दोन अडलेत. 'विकायचं झालं तर आधी मलाच विचारायचं' या हक्काला 'अग्रक्रयाधिकार' सापडलाय, पण वाचताना जीभ अडकते. आणि अशा करारानं जमिनीवर जो 'कंट्रोल' येतो, त्याला 'ताबा' लिहू का?

जुना फेरफार: ताबा मुळीच नको! जमीन मालकच कसतोय, ताबा त्याचाच. यांच्याकडं फक्त त्याला दुसरीकडं विकू न देण्याची सोय आहे. आमच्यात म्हणायचे 'जमीन बांधून ठेवली'. पहिल्या हक्काला 'आधी भाऊबंदाला विचारायचं' एवढंच म्हणायचे, त्याला शब्द नव्हता, भांडणं मात्र भरपूर होती.

शब्दवेडी: 'बांधून ठेवली' आवडलं. 'बांधणी करार' चालेल?

द्राक्षबाग: बांधणी म्हटलं की आमच्याकडं द्राक्षाच्या काड्या.

पंचवटीकर: विसारच. मालेगावकडंही विसारच म्हणतात.

साटेलोटे: मालेगावात मी आठ वर्षं काढलीत, इसार म्हणतात.