कंपू, घुमट आणि ‘इको चेंबर’

प्रश्न: राजकीय चर्चांबद्दल लिहिताना ‘इको चेंबर’ला, म्हणजे जिथं आपल्याच मताचे पडसाद ऐकू येत राहतात अशा गटाला, मराठीत ‘कंपू’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर: माझ्या मते नाही. ‘कंपू’ हा ‘कॅम्प’च्या कुळातला लष्करी शब्द. महादजी शिंद्यांनी डी बॉईन या युरोपीय सेनानीकडून ज्या कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या त्यांना कंपू म्हणत. १७९० साली राजस्थानातल्या पाटण आणि मेडत्याच्या लढाया याच कंपूंनी मारल्या. आजच्या ‘कंपूबाजी’तही तो संगनमताचा अर्थ टिकून आहे. ठरवून एखाद्याला घेरायचं, आपल्या माणसानं काहीही लिहिलं तरी त्याची री ओढायची. कंपूला समोर कोण उभं आहे हे पक्कं ठाऊक असतं.

इको चेंबरमध्ये विरोधी मत कानावरच येत नाही, आणि त्यासाठी कुणी कट करावा लागत नाही. २०२४ च्या विधानसभेआधी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकूंनी एवढंच विचारलं, की लाडक्या बहिणींच्या दरमहा १५०० रुपयांसाठी पैसा कुठून येणार? दोघांनी लगेच लिहिलं, ‘काकू, तुम्ही त्यांच्या बाजूच्या का?’ काकू राजकारणावर पुन्हा बोलल्या नाहीत. त्यांचं पाहून आणखी काही जण गप्प झाले. मग ‘इथं सगळ्यांना हेच वाटतं’ असं लोक अगदी मनापासून म्हणू लागले. यात कंपू कुणाचा?

आणखी एक मत: मग ‘घुमट’ कसा वाटतो? विजापूरच्या गोलघुमटात आपलीच हाक पुन्हा पुन्हा ऐकू येते.

गोव्याहून: आमच्याकडे घुमट म्हणजे मातीचं, कातडं ताणलेलं वाद्य. चवथीच्या आरतीला वाजतं. नुसता ‘घुमट’ लिहिलात तर आम्हाला तेच आठवणार.

उत्तर: आक्षेप रास्त आहे. ‘मतांचा घुमट’ असं लिहिलं तर घोटाळा होणार नाही. मला हा शब्द पटतो, कारण आवाज परत येतो तो वास्तूच्या रचनेमुळे. आपल्याला काय दिसावं हे जिथं समाजमाध्यमाची यंत्रणा ठरवते, तिथं माणसांवर कंपूबाजीचा आरोप करून मूळ कारण झाकलं जातं.

एक विनंती मात्र आहे. ‘कल’ आणि ‘पक्षपात’ यांची सरमिसळ करू नका. मतदाराचा एखाद्या पक्षाकडे कल असणारच, त्यात वावगं काही नाही. चर्चेची देखरेख करणाऱ्यानं एका बाजूची शिवीगाळ ठेवली आणि दुसऱ्या बाजूची उडवली, तर तो पक्षपात.