मदत हवी आहे: भर पावसातल्या डोंगरभटकंतीसाठी वॉटरप्रूफ जॅकेट कसे निवडावे?

नमस्कार.

गेली १२ वर्षे मी नियमाने डोंगर चालतो आहे आणि पावसाच्या दिवसांतही हा नेम मोडत नाही. एवढ्या काळात तीन वॉटरप्रूफ जॅकेटे वापरून झाली. आता चौथे घ्यावे लागेल असे दिसते. मागच्या दोन्ही खेपांना मी लेबलवरचे आकडे पाहून निवड केली आणि दोन्ही वेळा पस्तावलो, म्हणून या वेळी आधी विचारावे आणि मगच खरेदी करावी असे ठरवले आहे. अशी जॅकेटे ज्यांनी वर्षानुवर्षे अंगावर वागवली, धुतली आणि दुरुस्त केली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आधी माझी गरज सांगतो. चालणे बहुधा सहा ते आठ तासांचे असते, पाठीवर १० ते १२ किलोची सॅक असते, तापमान १० ते २० अंशांच्या दरम्यान राहते, आणि पाऊस म्हणजे एखादी सर नव्हे तर दिवसभराची संततधार. चढ पुष्कळ असतो. मला घाम मुळातच जास्त येतो आणि चष्मा आहे. दोर लावून चढाई मी करत नाही, त्यामुळे हेल्मेटवरून ओढता येणारे मोठे हूड मला नको आहे.

पहिले जॅकेट प्लास्टिकसारख्या, हवा अजिबात न खेळणाऱ्या कापडाचे होते. पहिल्याच चढाला आत पाणी सुटे. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. दुसऱ्याला आतून पॉलियुरेथेनचा लेप आणि त्यावर जाळीचे अस्तर होते. दोन वर्षे त्याने उत्तम साथ दिली. तिसऱ्या वर्षी कपाटातून काढले तेव्हा जाळीमागे पांढरे पोपडे सुटलेले होते, हाताला चिकट लागत होते, आणि शिवणीवरची टेप नखाने ओढताच सुटून येत होती. नीट न वाळवता घडी घालून ठेवल्याचा तो परिणाम होता. हा लेप ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, हे मला नंतर कळले.

खरा प्रश्न तिसऱ्या जॅकेटचा आहे. ते तीन थरांचे आहे: बाहेर नायलॉनचे कापड, मध्ये मेम्ब्रेन (पाणी रोखणारा पण वाफ जाऊ देणारा अतिशय पातळ पडदा) आणि आत पातळ विणीचे अस्तर, तिन्ही एकमेकांना चिकटवलेले. लेबलवर पाणी रोखण्याची क्षमता २०,००० मिलिमीटर आणि वाफ बाहेर टाकण्याची क्षमता २०,००० ग्रॅम अशी लिहिलेली आहे. गेल्या पावसात एका लांबच्या चालीत चौथ्या तासाला माझे खांदे आणि दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत गारठले. कातळाच्या आडोशाला थांबून मी जॅकेट काढले आणि बाही उलटी करून पाहिली. एरवी ज्या कापडावरून अळवाच्या पानावरून ओघळावे तसे पाणी ओघळून जाई, ते कापड आता गडद झाले होते, जड लागत होते आणि पाणी त्यात मुरलेले होते. आतल्या बाजूला बारीक थेंब दाटले होते आणि लोकरीच्या बनियनच्या बाह्या पिळण्याइतक्या ओल्या होत्या. हे पाणी पावसाचे की घामाचे, हे मला तिथे उभे राहून ठरवता येईना.

घरी आल्यावर मी एक प्रयोग केला. खांद्याचा भाग मोठ्या पातेल्यावर खोलगट बसवला, त्यात तांब्याभर पाणी ओतले, खाली टिशू कागद पसरला आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी कागद कोरडा होता. म्हणजे मेम्ब्रेन शाबूत असावे आणि मी भिजलो तो माझ्याच घामाने, असा निष्कर्ष मी काढला आहे. तो बरोबर आहे का?

बरोबर असेल, तर मला त्या दुसऱ्या आकड्याचे कोडे उलगडत नाही. २०,००० ग्रॅम म्हणजे एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत बाहेर पडणारी वाफ. ताशी हिशेब केला तर सुमारे ८३३ ग्रॅम. मी चढावर ताशी लिटरभर घाम गाळतो असे धरले, आणि जॅकेटचे कापड एक चौरस मीटरहून बरेच अधिक असते हे लक्षात घेतले, तर कागदावर तरी मी कोरडा राहायला हवा होतो. मग त्याहूनही मोठा आकडा असलेले जॅकेट घेऊन काही साधेल का, की आकडा विसरून काखेत लांब चेन असलेले जॅकेट घ्यावे? वजनाचाही प्रश्न आहे. २०० ग्रॅमच्या आसपासची अतिशय हलकी जॅकेटे मोहात पाडतात, परंतु सॅकच्या पट्ट्यांखाली ते पातळ कापड किती वर्षे टिकेल याची मला धास्ती वाटते. शिवाय पाणी ओघळून जावे म्हणून बाहेरून दिल्या जाणाऱ्या लेपांतून फ्लुओरिनयुक्त रसायने आता काढून टाकली जात आहेत, आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे; मात्र नवे लेप लवकर उतरतात असे ऐकतो. त्यांच्याशी कसे वागावे लागते, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

पहिला प्रतिसाद

नमस्कार. मी डोंगरात वापरायच्या कपड्यांची आणि सॅकची दुरुस्ती करतो, त्यामुळे अशी जॅकेटे रोज हाताखालून जातात. चौथे जॅकेट घेण्याआधी तिसऱ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहा, असे मी आपल्याला सुचवेन.

आपला प्रयोग चांगला आहे, पण अर्धा आहे. पातेल्यावर ठेवलेल्या पाण्याचा दाब फार तर काही सेंटिमीटरचा असतो. २०,००० मिलिमीटर म्हणजे प्रयोगशाळेत २० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब कापडाने सोसला, असा त्याचा अर्थ आहे. नुसत्या पावसाचा दाब त्यापुढे किरकोळ असतो. खरा दाब येतो तो सॅकच्या पट्ट्यांखाली आणि ओल्या खडकावर बसल्यावर. म्हणून तोच प्रयोग पाणी असताना मुठीने कापड दाबून करा, आणि मुख्य म्हणजे शिवणीवर दाबा. मेम्ब्रेनला भोक पडलेले मी क्वचित पाहतो. टेप सुटलेली मात्र वारंवार पाहतो.

आता कोड्याविषयी. आपला हिशेब चुकलेला नाही, परंतु तो आकडा ज्या परिस्थितीत मोजला जातो ती डोंगरात नसते. वाफ मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत. जपानी मानकातल्याच ए-१ आणि बी-१ या दोन पद्धतींनी एकच कापड मोजले तर बी-१ चा आकडा कितीतरी मोठा येतो, आणि लेबलवर बहुधा पद्धत लिहिलेली नसते. त्यामुळे दोन वेगळ्या उत्पादकांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. कुठे आरईटी हा आकडा दिलेला आढळला तर तो अधिक उपयोगाचा. तो वाफेला होणारा विरोध मोजतो, म्हणून जितका कमी तितका चांगला. ६ पेक्षा कमी म्हणजे उत्तम, १३ पर्यंत ठीक, आणि २० च्या पुढे गेला तर चढावर घालू नये.

त्याहून मोठी गोष्ट अशी की मेम्ब्रेन वाफ ओढून घेत नाही. आतली हवा अधिक उबदार आणि दमट, बाहेरची त्या मानाने कोरडी, एवढ्या फरकावरच वाफ बाहेर जाते. पाऊस पडत असताना बाहेरची हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते. त्यात हवामान उबदार असेल तर तो फरक जवळजवळ उरतच नाही. त्यातच बाहेरचे कापड पाणी पिऊन बसले की त्यावर पाण्याचा सलग पापुद्रा तयार होतो, वाफेची वाट बंद होते, कापड थंडगार पडते आणि आतला ओलावा त्याला लागून थेंब धरतो. आपल्या बाहीत दाटलेले थेंब मला तरी असेच दिसतात. पाठीवर सॅक टेकलेली असते तिथून तर काहीच बाहेर जात नाही.

म्हणून आपल्यासारख्या घाम जास्त येणाऱ्या माणसाने काखेतली चेन आधी पाहावी, आकडा नंतर. ती काखेपासून खाली बरगड्यांपर्यंत लांब असावी आणि सॅक न उतरवता एका हाताने उघडता यावी. दुकानात नुसते जॅकेट घालून हे कळत नाही, सॅक पाठीवर घेऊनच तपासावे. काही जॅकेटांत छातीच्या खिशांना जाळीचे अस्तर असते आणि खिसे उघडे ठेवून वारा घेता येतो. तीही सोय चांगली, फक्त सॅकचा छातीपट्टा त्यावर येत नाही ना, हे पाहून घ्यावे.

कापडाबद्दल आपली धास्ती रास्त आहे. २० डेनिअरच्या (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप; आकडा जितका मोठा तितका धागा जाड) आसपासचे कापड कधीमधी लागणाऱ्या पावसासाठी सॅकमध्ये टाकून ठेवायला ठीक असते. १२ किलो पाठीवर घेऊन दिवसभर चालायचे तर ४० डेनिअरच्या खाली जाऊ नये, आणि खांद्यावर त्याहून जाड असेल तर अधिक चांगले. तीन थरांचेच घ्यावे. अडीच थरांच्या जॅकेटात अस्तराऐवजी नुसता छापील लेप असतो. तो घामाने अंगाला चिकटतो आणि सॅकच्या घर्षणाने झिजतो. वजन ४०० ग्रॅमपर्यंत गेले तरी मी ते मान्य करीन.

लेपाविषयी आपण विचारले ते महत्त्वाचे आहे. पीएफओए या फ्लुओरिनयुक्त रसायनाचा २०१९ साली स्टॉकहोम करारात, म्हणजे घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय करारात, समावेश झाला, आणि २०२२ पासून गोर-टेक्स या वॉटरप्रूफ कापडाच्या ब्रँडनेही आपल्या काही कापडांत जुन्या फ्लुओरिनयुक्त मेम्ब्रेनऐवजी पॉलिथिलीनचे मेम्ब्रेन आणले. फ्लुओरिनविरहित लेप पाणी चांगले झटकतात, पण तेल झटकत नाहीत. त्यामुळे त्वचेचे तेल, उन्हासाठी लावलेले मलम आणि चिखल त्यावर लवकर बसतो आणि पाणी मुरू लागते. यावर उपाय म्हणजे जॅकेट अधिक वेळा धुणे. वारंवार धुतल्याने जॅकेट खराब होते ही समजूत मी रोज ऐकतो; माझ्याकडे येणारी पुष्कळशी जॅकेटे न धुतल्यामुळेच खराब झालेली असतात. आतील लेबलवर दिलेल्या तापमानाला, अशा कपड्यांसाठीचा द्रव साबण वापरून धुवावे, कपडे मऊ करणारे द्रव्य चुकूनही घालू नये, दोनदा खळबळून घ्यावे. वाळल्यावर, लेबलवर परवानगी असेल तर, ड्रायरमध्ये मंद आचेवर वीसेक मिनिटे फिरवावे, किंवा मध्ये सुती कापड धरून वाफ बंद केलेली कोमट इस्त्री फिरवावी. उष्णतेने लेप पुन्हा कामाला लागतो. तरीही थेंब ओघळले नाहीत, तरच नवा लेप फवारावा.

मूळ प्रश्नकर्ता

आपण इतके सविस्तर उत्तर दिले, त्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे जॅकेट धुतले आणि इस्त्री फिरवली. समोरच्या बाजूला आणि बाह्यांवर पाणी पुन्हा ओघळू लागले आहे. खांद्यांवर मात्र नाही. तिथे कापडाला पट्ट्याच्या रुंदीचा खरखरीत, लव निघालेला पट्टा पडला आहे.

त्यानंतर मुठीचा प्रयोग केला. उजवा खांदा कोरडा राहिला. डाव्या खांद्याच्या शिवणीवर दाबल्यावर कागदावर लहान ओला ठिपका उमटला आणि हळूहळू नाण्याएवढा झाला. आतून पाहिले तर टेपची कड बोटभर लांबीत उचललेली आहे. म्हणजे हातांवरचे पाणी घामाचे होते, पण निदान त्या खांद्यावरचे पावसाचेच होते. माझा आधीचा निष्कर्ष अर्धवट ठरला. एवढीच टेप दुरुस्त होऊ शकते का? शिवाय हूडविषयी कोणीच लिहिले नाही. पाऊस समोरून आला की चष्म्याच्या काचा भरतात आणि उतरणीवर पाऊल कुठे पडते ते दिसत नाही, ही माझी मोठी अडचण आहे.

दुसरा प्रतिसाद

मीही चष्मा लावतो, म्हणून हूडपुरते लिहितो. हूडच्या पुढच्या कडेत वाकवता येणारी तार किंवा ताठ पट्टी असलेली झडप हवी; मऊ झडप ओली झाली की कपाळावर लोंबते. हूडला मागच्या बाजूलाही एक नाडी हवी, म्हणजे ती ओढल्यावर हूड डोक्याबरोबर वळते. घालून पाहताना मान पूर्ण डावीकडे वळवा. समोर हूडचे अस्तर दिसले तर ते जॅकेट परत ठेवा. हूडखाली झडप असलेली साधी टोपी घातली तर काचांवर पाणी आणखी कमी येते.

पहिला प्रतिसाद (पुन्हा)

बोटभर टेप नक्की दुरुस्त होते. उचललेली कड आणि खालचे कापड स्पिरिटने पुसून घ्या, पूर्ण वाळू द्या, जुना गोंद चोळून काढा आणि शिवणीसाठी मिळणारा लवचीक गोंद पातळ लावून त्यावर वजन ठेवून रात्रभर राहू द्या. उरलेली टेपही एकदा बोटाने तपासा. आणखी दोन-तीन ठिकाणी उचललेली आढळली तर ती सगळीच सुटण्याच्या बेतात आहे असे समजा आणि नवे जॅकेट घ्या. खांद्यावरचा खरखरीत पट्टा मात्र परत पूर्वीसारखा होणार नाही. तिथे फवारणीचा लेप दर काही चालींनंतर द्यावा लागेल.

मूळ प्रश्नकर्ता

बाकीची टेप बोटाने तपासली, घट्ट आहे. गोंद लावून खांद्यावर दोन जाड पुस्तके ठेवली आहेत. उद्या सकाळी पुन्हा पाणी ओतून, मूठ दाबून पाहतो आणि इथे कळवतो.