यात्रेची पट्टी आणि वर गेलेले हात

खानापूरकर: यंदा आमच्या गावात लक्ष्मीची यात्रा. देवळातल्या बैठकीत पंचांनी विचारलं, "घरटी दहा हजार पट्टी, कबूल?" सगळे हात वर. माझाही. बाहेर टपरीवर मात्र जो तो म्हणतोय, "जास्तच झालं की रे."

सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५१ साली अमेरिकेत प्रयोग करून हेच दाखवलं. रेघांची लांबी जुळवायची, पोरासोरांना जमेल असं काम. पण ठरवून बसवलेली माणसं एकमुखानं चुकीचं बोलली की खरा परीक्षार्थीही साधारण तीनात एकदा त्यांचीच री ओढायचा. उत्तर गुपचूप कागदावर लिहायला दिलं की हे प्रमाण पार खाली. म्हणून म्हणतो, पट्टी चिठ्ठ्या टाकून ठरवा.

रताळेवाला: अर्धंच सांगितलास. तीनात दोनदा माणसं बरोबरच बोलली, आणि चौघांतला एक तर एकदाही वाकला नाही. शिवाय ती कॉलेजची पोरं, प्रश्न रेघांचा. इथं माझ्या बापाच्या मयताला खांदा दिलेली माणसं समोर बसलेली असतात. त्यांच्यापुढं हात वर केला म्हणजे मेंढरू झालो काय? ते देणं आहे.

खानापूरकर: देणं फेड की. सोसायटीचं कर्ज काढून?

येळ्ळूरची सून: हात हात काय लावलंय? बैठकीत बाया असतात काय? पट्टी राहू दे, खरा खर्च पाहुण्यांचा. घर रंगवा, मटण, लेकीजावयाला कापडं. शेजारणीनं दोन बकरी म्हटल्यावर आमच्या सासूनं तीन ठरवली. तिला कुणी विचारलंही नव्हतं. तिथं तुमची चिठ्ठी कुठं टाकू?

रताळेवाला: वैनी, हे मात्र खरं.

खानापूरकर: डॉइच आणि जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: लोकांना जास्त कळतं म्हणून मान डोलावणं, आणि नावं ठेवतील म्हणून डोलावणं. सासूबाईंचं दुसऱ्यातलं. त्यावर माझ्याकडं उपाय नाही, कबूल.

पण पट्टीपुरतं सांगतो. ॲशच्या खोलीत एक जरी जोडीदार खरं बोलला, तर री ओढणं शेकडा पाच-सहावर यायचं. रविवारी परत बैठक आहे. मी "पाच हजार" म्हणतो. मागून "होय" कोण म्हणणार?

रताळेवाला: तू बोल आधी. मग बघू.