चार वाजता टपरीवर तलफ आली की नेमकं काय करायचं?

प्रश्न : बाणेर_कडेला

सिगारेट बंद करून आज नववा दिवस. आधी दिवसाला १२ व्हायच्या, पहिली उठल्यावर तासाभरानं. निकोटीनची गम, पट्टी काही घेतलेलं नाही, एकदम बंद. पहिले तीन दिवस डोकं जड, झोप तुटक, चिडचिड. ते बरंच ओसरलंय. आता त्रास उरलाय तो ठरावीक वेळांचा, आणि सगळ्यात वाईट दुपारी चारचा. ऑफिसातली पाच-सहा जणं खाली टपरीवर उतरतात, चहा सांगितला जातो आणि टपरीवाला न विचारता माझा ब्रँड पुढे करतो.

सकाळी कारणं तोंडपाठ असतात : मुलगी, जिना चढताना लागणारा दम, पैसे. चार वाजता त्यातलं एकही कामाला येत नाही. ‘मन खंबीर करा’ एवढं सोडून सांगा. त्या दहा मिनिटांत हातानं, तोंडानं, पायानं काय करायचं?

उत्तर १ : तळजाई_सकाळ

चार वाजता कारणं आठवत नाहीत म्हणून स्वतःला कमकुवत समजू नका. निकोटीन रक्तात साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. नवव्या दिवशी ते उरलेलंच नाही. तुम्हाला आता येतेय ती जागेची तलफ : चहाचा वास, टपरीच्या खांबाला दोरीनं बांधलेला लायटर, शेजारच्यानं पाकीट उघडल्याचा आवाज. ही खूण आणि झुरका यांची गाठ मेंदूत वर्षानुवर्षं बसलीय. खूण दिसली पण झुरका आला नाही, असं पुष्कळदा झालं की ती गाठ सैल पडते. म्हणून कोरडा गेलेला प्रत्येक चार वाजताचा चहा जमेला धरा.

तलफ चढते, माथ्यावर जाते आणि उतरते. बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटं, लांबली तर दहा. माणूस फसतो तो चढावर, कारण तिथे वाटतं की ओढेपर्यंत ही अशीच वाढत राहणार. फोनवर स्टॉपवॉच लावा आणि उतरली की थांबवा. नोंद एका ओळीची पुरे : ‘४.०८, टपरी, ८/१०, ६ मिनिटं’ (८/१० म्हणजे दहापैकी तलफेचा जोर). आठवडाभराच्या ओळी एकाखाली एक वाचल्यात की पुढच्या चढावर तुमचा स्वतःचा आकडा हाताशी असतो, आणि तो कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त पटतो.

आता हात-तोंड-पाय.

पावणेचारला जागेवरच काहीतरी खा. केळं, मूठभर फुटाणे, काहीही. जेवण होऊन तीन तास झालेले असतात आणि भूक व तलफ पोटात जवळजवळ सारखीच वाटते. त्यावर ग्लासभर पाणी.

टपरीवाल्याला गर्दी नसताना, म्हणजे सकाळीच, एकट्यानं जाऊन सांगा : ‘मी सोडलीय. देऊ नका, मागितली तरी देऊ नका.’ बहुतेक जण ऐकतात. तो न विचारता पुढे करतो ना, तो क्षण सगळ्यात धोक्याचा आहे. घेतलेली सिगारेट परत करणं हे न घेण्यापेक्षा फार अवघड जातं.

ज्या हातात सिगारेट असायची त्याच हातात चहाचा ग्लास. चहा संपला की दोन्ही हात रिकामे होतात, तेव्हा टरफलाच्या भाजलेल्या शेंगा फोडा. दोन्ही हात गुंततात, तोंड चालू राहतं. उभं राहायचं ते ओढणाऱ्यांच्या घोळक्याला तोंड करून नाही, रस्त्याकडे तोंड करून, आणि वारा आपल्याकडून त्यांच्याकडे जाईल अशा बाजूला.

श्वास : नाकानं चार मोजत आत, ओठांचा चंबू करून सहा ते आठ मोजत बाहेर, असं दहा वेळा. दोन मिनिटं जातात. सिगारेटनं जो ‘मोकळं वाटण्याचा’ भास होतो त्यात या लांब उच्छ्वासाचा वाटा बराच असतो, तो धुराशिवायही मिळतो.

आणि शब्द. ‘आज नको’ म्हणालात तर उद्या परत विचारणार. ‘सोडायचा प्रयत्न चाललाय’ म्हणालात तर कुणीतरी परीक्षा घेणार. ‘मी ओढत नाही’ एवढंच म्हणा आणि विषय बदला.

पैशाचं कारण त्या मिनिटाला उपयोगी पडावं असं वाटत असेल तर ते हातात घ्या. एक सिगारेट २० रुपये धरली तर १२ चे दिवसाला २४०, महिन्याला ७,२००. चार वाजताचे २० रुपये तिथे उभ्या उभ्या फोनवरून मुलीच्या खात्यात टाका. रोज, त्याच वेळी. बोटांना काम मिळतं आणि महिन्याच्या शेवटी आकडा दिसतो.

उत्तर २ : औषधकपाट

वरचं सगळं बरोबर, पण गमला आधीच नाही म्हणू नका. नऊ दिवस झाले म्हणून गम घेता येत नाही असं काही नाही. कठीण वेळांपुरतीही घेता येते.

पहिली सिगारेट उठल्यावर तासाभरानं, म्हणजे तुम्हाला २ मिलिग्रॅम पुरेल. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्यांना ४ लागते आणि तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ‘गमनं काही झालं नाही’ म्हणणारे बहुतेक लोक ती च्युइंगमसारखी भराभर चावतात. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. भराभर चावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं, यकृतात बरंचसं वाया जातं, आणि हाती येते उचकी, जळजळ, मळमळ.

तर हळू चावा, दहा-पंधरा वेळा, जीभ झणझणली की थांबा. गम गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवून द्या. झणझण गेली, साधारण मिनिटभरात जाते, की पुन्हा दोन-चार वेळा चावा आणि जागा बदलून ठेवा. असं अर्धा तास. गम तोंडात टाकण्याआधी १५ मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका. कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक, ताक तर मुळीच नाही, कारण तोंड आंबट झालं की निकोटीन शोषलं जात नाही.

वेळेचं गणित महत्त्वाचं. सिगारेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. गमचं रक्तातलं प्रमाण वर यायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणजे टपरीवर पोचून गम काढली तर उशीर झाला. सव्वातीनला घ्या, पावणेचारला थुंकून टाका, मग केळं, मग चहा.

बारा आठवड्यांत कमी करत आणायची. दिवसाला २४ ही वरची मर्यादा, तुम्हाला त्याच्या जवळपासही जावं लागणार नाही. नुकताच हार्ट अटॅक आलेला, छातीत दुखणं, गरोदरपण, दाताची सैल कॅप किंवा कवळी, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गमबरोबर सिगारेट चालू ठेवायची नाही. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही गोळ्यांची वाट वेगळी, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. फिट येण्याचा इतिहास असेल तर ब्युप्रोपिऑन अजिबात नाही.

उत्तर ३ : पेठेतला_कोपरा

मला पहिल्या उत्तरातली एक गोष्ट पटत नाही. नवव्या दिवशी टपरीवर जायचंच कशाला? पहिला महिना जागाच बदला. बाणेरला आत बसून चहा मिळणारं एखादं अमृततुल्य शोधा. अशा बंदिस्त सार्वजनिक जागेत ओढायला २००८ पासून बंदी आहे, दंड २०० रुपयांपर्यंत. एखाद्या न ओढणाऱ्या सहकाऱ्याला बरोबर घ्या. टपरीवर उभं राहून न ओढण्याचा सराव पाचव्या आठवड्यापासून करा. गाठ सैल व्हायची ती तेव्हाही होईल. राज्यात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर ती मिळतेच, आणि ‘एकच’ घेणं सोपं होतं ते त्यामुळेच.

तळजाई_सकाळ

मान्य. टपरी टाळता येत असेल तर पहिले चार आठवडे टाळा. माझं उत्तर ज्यांना टाळता येत नाही त्यांच्यासाठी धरा.

बाणेर_कडेला

अमृततुल्य सापडलंय, दोन बिल्डिंगा सोडून. सव्वातीनची गमही लिहून घेतली. अजून तीन गोष्टी. सकाळी सिगारेटशिवाय पोट साफ होत नाहीये, आणि त्याच कारणानं दोनदा हात पाकिटाकडे जाता जाता राहिला. दुसरं, रविवारी नदीपात्रात ढोल पथकाचा सराव असतो, मधल्या सुट्टीत सगळे ओढतात. तिसरं, एक सहकारी म्हणतो मसाला सुपारी चघळ.

उत्तर ४ : ओवा_बडीशेप

सुपारी नको. तंबाखू नसलेली साधी सुपारीही तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, टाकलंय. शिवाय तिची स्वतःची सवय लागते. मशेरीही नको. बडीशेप, भाजलेला ओवा, लवंग, दालचिनीचा तुकडा, गाजराचे लांब काप यांतलं काही चालेल. ज्येष्ठमध अधूनमधून ठीक, पण रक्तदाब असेल तर रोज नको, तो वाढतो. व्हेपचा विचार मनात असेल तर तो काढून टाका, ई-सिगारेट विकायलाच देशात २०१९ पासून बंदी आहे.

पोटाचं : निकोटीन आतड्याला ढकलतं, ते थांबलं की काही दिवस आतडं सुस्त राहतं. हा त्रास बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत जातो. तोवर रात्री झोपताना दोन चमचे इसबगोल ग्लासभर पाण्यात घालून लगेच प्या, फुगू देऊ नका, आणि वर अजून ग्लासभर पाणी. सकाळी कोमट पाणी, मग दहा मिनिटं चालणं, मगच चहा. पहिला चहा बसायच्या जागी न पिता उभ्यानं, स्वयंपाकघरात प्या. खुर्ची आणि खिडकी तीच राहिली की हात तिथेच जातो.

चहावरून आठवलं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त वेगानं चालतं आणि कॅफीन झटपट फोडतं. सिगारेट बंद झाली की आठवड्याच्या आत तो वेग उतरतो, आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकतं. मग धडधड, हात थरथरणं, रात्री डोळा न लागणं. हीच तलफ असं समजून लोक परत ओढतात. सहा कप घेत असाल तर तीनवर या, आणि संध्याकाळी पाचनंतर बंद. याच कारणानं थिओफायलिन, क्लोझापिन, ओलान्झापिन ही औषधं चालू असलेल्यांनी सिगारेट सोडताना डॉक्टरांना कळवायलाच हवं, डोस बदलावा लागू शकतो.

पथकाच्या सुट्टीत एखादं काम अंगावर घ्या. ढोलाच्या दोऱ्या आवळायचं काम सगळ्यात चांगलं, दोन्ही हात अडकतात आणि घोळक्यापासून लांब राहता येतं. सरावानंतर कुणी बिअरला बोलावलं तर पहिला महिना नाही म्हणा. दारूच्या दुसऱ्या ग्लासाला कुठलाच बेत टिकत नाही. आणि पथकातच तुम्हाला खरा फरक दिसेल. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तर पहिल्या एक-दोन दिवसांतच उतरला, फुप्फुसांचं काम दोन ते बारा आठवड्यांत सुधारतं. दर रविवारी पर्वतीच्या पायऱ्या एकाच वेगानं चढा, वर पोचल्यावर एका मिनिटाची नाडी मोजा आणि तलफेच्या नोंदींशेजारी लिहा.

उत्तर ५ : औषधकपाट

एक राहिलं. एखाद्या दिवशी एक ओढली गेलीच तर काय? त्या एकीपेक्षा ‘आता ओढलीच आहे तर’ हे वाक्य जास्त घातक. हातातली अर्धी असेल तर तिथेच विझवा. पाकीट घेतलं असेल तर उरलेल्या सिगारेटी पाण्यात भिजवून टाका, कुणाला देऊ नका, कारण दिलेली मागता येते. गम चालू ठेवा. मग नोंदीत वेळ, जागा, सोबत कोण, आधी काय खाल्लं होतं, एवढं लिहा. कारण बहुतेक वेळा त्यातच सापडतं, आणि दुसऱ्या दिवशी फक्त तेवढीच एक जागा दुरुस्त करायची असते.

बोलायला माणूस हवा असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन १८००-११-२३५६, फुकट. २०१८ पासून हा नंबर पाकिटावरच छापलेला असतो. समुपदेशक किती ओढायचात, पहिली कधी, कुठल्या वेळा कठीण, हे विचारतात आणि नंतर स्वतःहून फोनही करतात, म्हणून नोंदवही समोर ठेवून लावा. सकाळी ८ ते रात्री ८, मंगळवार ते रविवार. सोमवारी बंद असते, तेव्हा सोमवारच्या चार वाजता फोन उचलेल असा एक माणूस आजच सांगून ठेवा.