जिओफेन्सिंगला 'भू-कुंपण' म्हणावं का?

कानामात्रा: गोदामातल्या टॅब आणि स्कॅनरसाठी मराठी सूचनापत्रक लिहितोय. नकाशावर गोदामाभोवती वर्तुळ आखतात. यंत्र त्याबाहेर गेलं की आयटीवाल्यांना इशारा जातो, यंत्र लॉक होतं, वेळ पडल्यास आतला डेटाही पुसतात. 'भू-कुंपण' चालेल?

आडवाट: कुंपण अडवतं हो. हे कुणालाच अडवत नाही, ओलांडल्यावर बोंब मारतं. जुन्या गावात वेसकर हेच करायचा. कोण आलं, कोण गेलं यावर नजर. म्हणून 'वेस' बरी.

तिरपी वेलांटी: वेस म्हणजे गावाचा दरवाजा, भोवतीची भिंत ती गावकूस. इथे दोन्ही नाहीत, नुसती मानलेली रेघ. तिला शीव म्हणतात. मुंबईतलं शीव, म्हणजे सायन, त्याच शब्दावरून: मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधली हद्द.

बिनपाण्याचा: लक्ष्मणरेषा का नको?

तिरपी वेलांटी: ती ओलांडणाऱ्याला दोष लागतो. स्कॅनर बिचारा चुकून ट्रकमध्ये राहिलेला असतो.

कानामात्रा: शीव आवडला. शिवाय ही रेघ बारीक नसतेच. अँड्रॉइडवर त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवा असं गूगलच सांगतं. पत्र्याखाली जीपीएस भरकटतं, मग वाय-फाय आणि टॉवरवरून अंदाज बांधायचा. टॅब समोरच्या टपरीवर नेला तरी तो 'आत'च दिसतो!

आडवाट: म्हणजे बांधाचा वाद. दोन फूट इकडे की तिकडे, पिढ्या गेल्या त्यात.

बिनपाण्याचा: आमच्याकडे उलटी शीव आहे. फोन प्रयोगशाळेच्या आवारात शिरला की कॅमेरा बंद.

तिरपी वेलांटी: मग कॅमेरा तडीपार केला म्हणा!

कानामात्रा: आणि ट्रॅकिंगला? 'पाळत' लिहिलं तर कामगार बिथरतील.

तिरपी वेलांटी: बिथरणारच. पाळत माणसावर असते, तीही संशयाने. हरवलेल्या वस्तूचा माग काढतात. पण टॅब दिवसभर एकाच माणसाच्या हातात असेल आणि सुटी झाल्यावरही ठिकाण कळत राहत असेल, तर ती पाळतच. शब्द मऊ करून लपवू नका. कामाच्या वेळेपुरतंच ठिकाण नोंदत असाल तर तसं स्पष्ट लिहा, आणि मग खुशाल 'माग' वापरा.

आडवाट: नाहीतर कुंपणच शेत खातं. बघा, आला की नाही तुमचा शब्द कामाला!

कानामात्रा: आला! पण इशाऱ्यात लिहितोय: 'यंत्राने शीव ओलांडली आहे.' 'भू' काढून टाकला.