'रिक्रिएशनल यूज'ला मराठीत काय म्हणाल?

लेस्टरवासी
नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडमध्ये एका हॉस्पिससाठी, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषाघरासाठी, औषधाचं माहितीपत्रक मराठीत करून द्यायचंय. औषध आहे डायमॉर्फिन. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात छोट्या पंपातून कातडीखाली देतात. रसायन म्हणाल तर हे हेरॉईनच. मूळ मजकुरात आहे की वैद्यकीय वापर वेगळा आणि 'रिक्रिएशनल यूज' वेगळा. मी लिहिलं 'करमणुकीसाठी वापर'. बायकोने वाचून विचारलं, मध्यंतरात वाटतात का? दुसरा शब्द सुचवा. आणि पत्रकात 'हेरॉईन' शब्द येऊ द्यावा का? वाचणाऱ्यांत सत्तरीच्या आज्या आहेत.

तळटीप
'नशेसाठी वापर'. विषय संपला.

वडापिंपळ
संपला कसा? 'नशा' म्हटलं की निकाल देऊन मोकळे झालात. इंग्रजी शब्द मुद्दाम बिनरंगाचा ठेवलाय. 'हौसेखातर' कसा वाटतो?

तळटीप
हौसेखातर पैठणी घेतात हो.

मराठीबाणा
'वैद्यकेतर सेवन' हा शुद्ध आणि नेमका शब्द आहे. डायमॉर्फिनलाही 'द्विअ‍ॅसिटिल अहिफेनसत्त्व' म्हणता येईल.

सायनकर
आजी तेवढ्यानेच जातील. 😀

भूलवाली
भूलतज्ज्ञ आहे, म्हणून बोलते. 'वैद्यकेतर' चालेल, पण नातेवाईक विचारतात ते वेगळंच: "म्हणजे यांना व्यसन लागणार का?" तिथे शब्द जपून वापरा. मॉर्फिनच्या रेणूला 'अ‍ॅसिटिल' नावाचे अणूंचे दोन छोटे गट जोडले की हेरॉईन. त्यामुळे ते स्निग्ध होतं आणि रक्तातून मेंदूत मॉर्फिनपेक्षा लवकर शिरतं. आत गेलं की ते गट सुटतात आणि पुढचं काम मुख्यतः मॉर्फिन आणि वाटेत तयार होणारा एक मधला रेणू करतात. नशेसाठी शिरेत टोचणाऱ्याला तो लवकर शिरण्याचा झटकाच हवा असतो. पंपातून थेंबथेंब जाणाऱ्या औषधात तो झटका नसतोच. मग ब्रिटिश डॉक्टर साधं मॉर्फिन का देत नाहीत? तर डायमॉर्फिन पाण्यात फार छान विरघळतं, मोठा डोस अगदी थोड्या पाण्यात मावतो. हाडं वर आलेल्या रुग्णाच्या कातडीखाली जास्त पाणी सोडायला जागा कुठे असते? शरीराला औषधाची सवय होते, एकदम थांबवलं तर त्रास होतो, हे खरं. पण त्याला 'अवलंबित्व' म्हणा. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही त्यामागे धावत राहणं. आपल्याकडे हेरॉईन औषध म्हणून देतच नाहीत, मॉर्फिन देतात. १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्याने तेही मिळणं जिकिरीचं झालं होतं, २०१४ च्या दुरुस्तीने थोडं सैल झालं. तरी मॉर्फिनचं नाव काढलं की घरचे गंगाजल शोधायला लागतात.

वडापिंपळ
'सवय' आणि 'व्यसन' हा फरक पत्रकात हवाच. बाकी संस्कृतात व्यसन म्हणजे संकटही.

सायनकर
हेरॉईन नकोच. आमच्याकडे सगळे 'गर्द' म्हणायचे. ऐंशीच्या दशकात स्टेशनच्या पुलाखाली गर्दुल्ले बसायचे, चांदीचा कागद धरून धूर ओढत. त्या कागदाला पन्नी. माल मिळाला नाही की अंग मोडून येणं, नाक गळणं, उलट्या, त्याला 'टर्की'.

भूलवाली
ती ब्राउन शुगर, हेरॉईनचंच अशुद्ध आम्लारी रूप (बेस), तापवली की वाफ होते. औषधातली पांढरी पावडर हा त्याचा क्षार (सॉल्ट), पाण्यात विरघळतो. तुमच्या पुलाखालचा माल सुईतून द्यायच्या लायकीचाही नव्हता, तरी टोचायचे. आणि धोका दोन्हीकडे तोच, डोस जास्त झाला की श्वास मंदावत थांबतो.

जुनाटकोश
'गर्द' फारसीतला, अर्थ धूळ. 'गर्दीस मिळवणे' म्हणजे धुळीला मिळवणे, जुन्या मराठीत सापडेल.

मराठीबाणा
मुळीच नाही. गर्द झाडी, गर्द हिरवा, म्हणजे दाट. ओढल्यावर डोक्यात दाटतं म्हणून गर्द. आमच्या गावात हेच सांगायचे.

जुनाटकोश
तुमच्या गावात पावडर १९८० नंतर आली असणार. त्या आधी सांगणारे काय ओढत होते?

मराठीबाणा
व्यक्तिगत होऊ नका. मुद्दा असा की ज्या अफूपासून हे मॉर्फिन निघतं, तिचा 'अहिफेन' हा शब्द आपला आहे. अहि म्हणजे साप, फेन म्हणजे फेस. त्यावरून अरबांनी 'अफयून' केलं.

जुनाटकोश
उलटं आहे. ग्रीक 'ओपियॉन' म्हणजे चीक, त्यावरून अरबी 'अफयून', आणि तो ऐकून आपल्या पंडितांनी सापाचा फेस काढला. चरक-सुश्रुतांत अफू नाहीच, शार्ङ्गधरसंहितेपर्यंत यावं लागतं.

तळटीप
हेरॉईनही शुद्ध मराठी नाही म्हणून रडायला नको, ते शुद्ध इंग्रजीही नाही. १८७४ साली लंडनमध्ये आल्डर राइट या रसायनतज्ज्ञाने पहिल्यांदा ते तयार केलं, कोणी फारसं विचारलं नाही. १८९८ मध्ये बायर कंपनीने बाजारात आणलं, खोकल्यावर! जर्मन 'हेरॉइश' म्हणजे वीरासारखं जोरदार, त्यावरून व्यापारी नाव. अमेरिकेने १९२४ मध्ये बंदी घातली. म्हणून लेस्टरवाले, 'हेरॉईन' हे जुनं व्यापारी नाव आणि 'डायमॉर्फिन' हे औषधाचं नाव, असं एका ओळीत सांगून टाका. लपवलं तर नातू मोबाइलवर शोधेल आणि आजी पंप काढायला लावेल.

मिरजेची माई
आम्हाला हेरॉईन माहीत नव्हतं, पण अफू घरात होती हो. गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्याला बाळागोळी देऊन झोपवायच्या, त्यात अफूच. माझी आत्या सांगायची. त्याला कोणी नशा म्हणत नसे, वैद्यकीय म्हणत नसे, करमणूक तर नाहीच नाही. पोर झोपलं पाहिजे, बस. आता हा वापर कुठल्या रकान्यात टाकणार?

वडापिंपळ
माई, लाख बोललात. म्हणूनच म्हणतो, 'वैद्यकेतर'ही फसवाच.

मराठीबाणा
बरं, 'अंमली पदार्थ' की 'अमली'? पत्रकात अनुस्वार चुकू नये.

जुनाटकोश
मूळ अरबी 'अमल', म्हणून अमली.

तळटीप
मराठीत अंमल चढतो, अंमलबजावणी होते, मग पदार्थच का अनुस्वाराला मुकावा?

लेस्टरवासी
सगळ्यांचे आभार. सवय-व्यसन घेतलं, व्यापारी नावाची ओळही घेतली. पण तो शब्द? 'नशेसाठी' लिहू की 'उपचाराव्यतिरिक्त'? सोमवारी द्यायचंय.

मिरजेची माई
लिहा बाळा काहीही. आता अफूचा विषय निघालाच आहे म्हणून, दुबईला लेकीकडे अनारसे न्यायचे होते, तर विहीणबाई म्हणाल्या तिथे खसखस नेली तर पकडतात. खरं का?

सायनकर
खरं आहे माई, अमिरातीत बंदी आहे. खसखस अफूच्याच बोंडातली.

मराठीबाणा
बिगर खसखशीचा अनारसा म्हणजे अनारसाच नव्हे.

वडापिंपळ
का नव्हे? आमच्या आजोळी रव्यावर थापायचे.