एक्स्पेरिमेंटल फंक्शनचं डॉक्युमेंटेशन लिहावं का नाही? आन लिहिलं तं कसं?

संत्राबाग_वरुड
राम राम मंडळी. आम्ही तिघं मिळून एक लहानशी रेंडरिंग लायब्ररी चालवून राहिलो, सी प्लस प्लसमधी, खाली व्हल्कन, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी बोलायचा इंटरफेस. काम एवढंच की ड्रोन सर्व्हेतून निघालेली जमिनीची उंची थ्रीडीत दाखवाची, वावर, धुरा, नाला, शेततळं, असं. वापरणारे मोजके आहेत पन जे आहेत ते रोज वापरतात.

भानगड अशी झाली का मागच्या वर्षी आम्ही ड्रॉ-टेरेन-टाइल्स नावाचं फंक्शन टाकलं, नेमस्पेस (फंक्शनच्या नावाआधी लागणारं आडनाव म्हणा) एक्स्पेरिमेंटल, डॉक्समधी वर एक ओळ, "हे एक्स्पेरिमेंटल आहे, बदलू शकते", आन खाली बाकी फंक्शनसारखंच झ्याक वर्णन. तेव्हा ते उंची मीटरमधी घेत होतं. दोन महिन्याआधी आम्ही ते बदलवलं, आता उंची 0 ते 1 मधी द्यायची आन रेंज वेगळी, डिफॉल्ट 100. फ्लोट (साधा दशांश आकडा) तेव्हाही होता आन आताही फ्लोटच, तं म्हणून कंपायलर चूप. एका पोट्ट्यानं 30 बाय 30 बाय 3 चं शेततळं टाकलं तं स्क्रीन कोरी. 400 मीटरची उंची गेली, तिले 100 नं गुणलं, पूर्ण वावर 40 किलोमीटर वर आभाळात. त्यानं झूम आउट करत करत शोधलं तं 3 मीटरचं तळं 300 मीटरची विहीर होऊन बसलेलं. तो इश्यूत (आमच्या तक्रारीच्या पानावर) लय बोलला, आन खोटं नाही बोलला.

आता आमच्यात वाद. एक म्हणते पक्कं होईपर्यंत डॉक्समधी टाकूच नका, दुसरा म्हणते सगळं लिहा. मले दोघंही अर्धे बरोबर वाटून राहिले. तुम्ही कसं करता?

हेडर_वाचणारा
लिहूच नको भाऊ. कागदावर आलं का लोकायले वाटते पक्कं झालं. "बदलू शकते" कोणी वाचत नाही, चहाच्या पाकिटावरची ओळ आहे ती. ज्याले पाहिजे तो सोर्स पाहीन.

वऱ्हाडी_शेडर
हेडर_वाचणारा दादा, आधी स्वतःचं नाव वाचा मग बोला 😄 डॉक्समध्ये नाही लिहिलं तरी एडिटर नाव सुचवतोच की, दोन अक्षरं टाकली की फंक्शन समोर. म्हणजे वापर थांबत नाही, फक्त अंदाजाने वापरतात. आणि अंदाजाने वापरणाऱ्याचा बग रिपोर्ट वाचणं म्हणजे काय असते ते ज्याने वाचले त्यालाच माहीत.

आमच्या घरी कृषी केंद्र आहे त्यामुळे मला हे दुसऱ्याच गोष्टीवरून दिसते. बियाण्याच्या पिशवीचा टॅग बघा, पायाभूत असलं तर पांढरा, प्रमाणित असलं तर निळा, सत्यप्रत असलं तर हिरवा. पण शेतकरी नुसता रंग पाहून नेत नाही, टॅग हातात घेऊन उलटसुलट करून पाहतो, लॉट नंबर, उगवण किती टक्के, तपासणी कधीची, मुदत कुठवर. सोयाबीनची उगवण 70 च्या खाली असेल तर पिशवी परत ठेवतो. तुमच्या डॉक्समध्ये रंग आहे, बाकी टॅग कोरा. "बदलू शकते" यातून वापरणाऱ्याने करायचं काय? सगळंच बदलू शकते, उद्या पाऊसही.

मी अशी लिहीन, तुमच्याच फंक्शनची कॉमेंट, आकडे माझ्या मनचे:

"आवृत्ती 0.7 पासून. अजून ठरलं नाही: उंचीचं एकक, शेजारच्या टाइलच्या कडा कशा जुळवायच्या. ठरलं आहे: अक्षांच्या दिशा, बफर बोलावणाऱ्याच्याच मालकीचा राहतो. तपासलं: एक एनव्हिडिया कार्ड, एक इंटेलचं इनबिल्ट. एएमडीवर चालवलेलं नाही. ठेवायचं की काढायचं ते 0.9 मध्ये ठरेल. तोवर पर्याय ड्रॉ-मेश, हळू आहे पण बदलणार नाही."

इतकंच. "ठरलं आहे" ही ओळ लोक विसरतात, खरं तर तीच सगळ्यात कामाची, कारण माणूस तेवढ्या भागावर भरवसा ठेवून पुढचं कोड लिहू शकतो.

संत्राबाग_वरुड
ताई हे लय भारी. टॅगवाली गोष्ट तं मी आमच्या ग्रुपवर टाकली. पन एक अडचण, "0.9 मध्ये ठरेल" लिहिलं आन नाही ठरलं तं? आम्ही तिघं, त्यात एकाचा हंगाम सुरू झाला का तो दोन महिने गायब.

वऱ्हाडी_शेडर
तर 0.9 च्या रिलीजच्या दिवशी ती ओळ बदलून 1.0 करा आणि चेंजलॉगमध्ये एक वाक्य टाका की ठरलं नाही, का नाही ठरलं. मुदत वाढवणं चालते. मुदत संपलेला टॅग तसाच लटकत ठेवणं नाही चालत.

पुलगाव_टू_पुणे
थोडं लांब लिहितो, ग्राफिक्समध्ये हे बाकी लायब्रऱ्यांपेक्षा जास्त का चावते ते.

बदल तीन तऱ्हेचे असतात. एक, नाव किंवा पॅरामीटर बदलला, तेव्हा कंपाइल होत नाही, शिव्या देतो पण पाच मिनिटात समजते. वेबजीपीयू (ब्राउझरमधून ग्राफिक्स कार्ड वापरायचा इंटरफेस) फ्लॅगमागे, म्हणजे मुद्दाम चालू केल्याशिवाय न मिळणारं, होतं तेव्हा ज्यांनी वापरलं त्यांना आठवत असेल, एंड-पासचं नुसतं एंड झालं, डिस्पॅचचं डिस्पॅच-वर्कग्रुप्स झालं, शेडरमधले दुहेरी चौकोनी कंस जाऊन ॲट द रेट आलं, 2023 मध्ये क्रोम 113 ला ते सुरू झालं तोवर नेटवरचे अर्धे ट्युटोरियल मेलेले. त्रास झाला पण एरर तरी यायची. दोन, नाव तेच आणि अर्थ बदलला, तुमच्या मीटरसारखं. तीन, नाव तेच अर्थही तेच पण चित्र बदललं. थ्री-जेएस या ब्राउझरमधल्या थ्रीडी लायब्ररीने 152 व्या रिव्हिजनला कलर मॅनेजमेंट डिफॉल्ट चालू केलं तेव्हा कित्येकांच्या सीनचे रंग वेगळे दिसायला लागले आणि लोक स्वतःचे टेक्सचर तपासत बसले. दुसरा आणि तिसरा प्रकार कंपायलर पकडत नाही, तिथे डॉक्सशिवाय कोणी नाही. म्हणून "बदलू शकते" च्या जागी या तिनातलं काय बदलू शकते ते लिहा. डेप्थ 0 ते 1 की ओपनजीएलसारखी उणे 1 ते 1, वाय वर की खाली, रंग लिनिअर की एसआरजीबी, उंचीचं एकक, हे जे बाकी डॉक्समध्ये गृहीत धरून चालते ते एक्स्पेरिमेंटलमध्ये गृहीत धरू नका.

आता मोठे लोक कसं करतात. व्हल्कनचं रे ट्रेसिंग 2020 च्या मार्चमध्ये आलं ते प्रोव्हिजनल म्हणून, स्पेक पूर्ण लिहिलेलं, एकूण एक फंक्शन समजावलेलं, पण हेडर (फंक्शनं जाहीर करणारी फाइल) वेगळं, बीटा हेडर, आणि ते मिळायला आधी स्वतःच्या हाताने बीटा एक्स्टेन्शनचा मॅक्रो (कोडमध्ये आधी लिहायचं एक ठरावीक नाव) डिफाइन करायचा. नोव्हेंबरमध्ये फायनल आलं ते मार्चवाल्याशी जुळणारं नव्हतं, पण कोणी बोंबलू शकत नव्हतं कारण मॅक्रो तूच लिहिला ना बापा. म्हणजे डॉक्स पूर्ण आणि दार बंद, किल्ली पायरीवर ठेवलेली. तुमचं उलट आहे, दार सताड उघडं आणि डॉक्स अर्धे. क्यूटी या ॲप बनवायच्या फ्रेमवर्कने 6.6 मध्ये त्यांचा रेंडरिंगचा आतला थर, क्यूआरएचआय, असाच उघडा केला, डॉक्स आहेत, पण मर्यादित हमी असं स्पष्ट लिहिलं आहे आणि प्रायव्हेट मॉड्यूल लिंक केल्याशिवाय मिळत नाही.

नुसत्या नावावर भरवसा ठेवू नका हेही सांगतो. सीएसएसमध्ये वेबकिट प्रीफिक्स (नावाआधी लावलेलं वेबकिट) म्हणजे "प्रयोग आहे" असंच होतं, लोकांनी ते इतकं वापरलं की 2016 मध्ये फायरफॉक्स 49 ला दुसऱ्याचा प्रीफिक्स स्वतः सपोर्ट करावा लागला. नावात एक्स्पेरिमेंटल घातलं म्हणजे झालं असं नसते.

टूलचं म्हणाल तर डॉक्सिजन या कॉमेंटवरून डॉक्स बनवणाऱ्या टूलमध्ये एक्सरेफआयटम ही कमांड आहे, तिचा अलियस (आपलं छोटं नाव) बनवा, मग कॉमेंटमध्ये ॲट एक्स्पेरिमेंटल लिहिलं की त्या फंक्शनखाली चौकटही येते आणि सगळ्या एक्स्पेरिमेंटल गोष्टींची एक यादी आपोआप वेगळ्या पानावर तयार होते. ती यादी रिलीजच्या आधी बसून वाचायची. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये त्यात चार वर्षं जुनी तीन फंक्शनं निघाली, सगळ्यांना वाटायचं ती स्टेबल आहेत.

हेडर_वाचणारा
गोडो या गेम इंजिनमधीही तसंच हाय, क्लास रेफरन्सच्या एक्सएमएलमधी एक्स्पेरिमेंटल ॲट्रिब्यूट, पानावर तशी सूचना येते. त्याच्या जीडीस्क्रिप्ट भाषेमधी स्वतःच्या कॉमेंटलेही टाकता येते. बरं, मी माघार घेतो अर्धी. पन कंपायलरची वॉर्निंग काहून नाही देत? डेप्रिकेटेड लावून द्या मेसेजसकट.

पुलगाव_टू_पुणे
नका लावू. सी प्लस प्लस 14 पासून डेप्रिकेटेड आहे हे खरं, एक्स्पेरिमेंटलसाठी स्टँडर्डमध्ये तसं काही नाही, म्हणून लोक हा जुगाड करतात. पण डेप्रिकेटेडचा अर्थ "जात आहे", तुमचं फंक्शन तर "येत आहे". आणि ज्यांच्याकडे वॉर्निंगलाच एरर मानतात त्यांचा बिल्डच पडेल. मॅक्रो बरा.

फायनल_इयर_यवतमाळ
नमस्कार सर. ती 300 मीटरची विहीर माझीच होती 🙏 इश्यूत जास्त बोललो त्याबद्दल सॉरी, दुसऱ्या दिवशी प्रेझेंटेशन होतं आणि आमच्याकडे लाईट नव्हती, लॅपटॉपची बॅटरी 20 टक्के.

वरचं सगळं वाचलं पण खरं सांगू का, मी तुमचं डॉक्सचं पान उघडलंच नव्हतं. एक्झाम्पल्सच्या फोल्डरमधला टेरेन डेमो कॉपी केला, त्यात फक्त फाइलचं नाव बदललं. त्या डेमोत इशारा कुठेच नाही, वर एका ओळीत यूझिंग नेमस्पेस टाकलेलं आहे तेवढंच, त्यामुळे खाली फंक्शनच्या नावाआधी एक्स्पेरिमेंटल हा शब्दही दिसत नाही. आमच्या वर्गातल्या चौघांनी तोच डेमो घेतला.

वऱ्हाडी_शेडर
हे घ्या. टॅग गोदामात आणि पिशवी बाजारात.

संत्राबाग_वरुड
अरे लेका सॉरी आम्हीच म्हणाले पाहिजे. आत्ता जाऊन पाहिलं, यूझिंग नेमस्पेस मीच टाकलं होतं, ओळी लहान दिसाव्या म्हणून 🤦

ठरलं असं. डेमोतून यूझिंग काढतो, पूर्ण नाव लिहितो, लांब दिसलं तं दिसू दे. डेमोच्या सुरुवातीलेच ताईनं दिली तशी चिठ्ठी, आकडे आमचे खरे टाकून. हेडर वेगळं, मॅक्रो डिफाइन केल्याशिवाय मिळणार नाही. आन उंचीसाठी फ्लोटच्या जागी मीटरचा वेगळा टाइप करून पाहतो, मंग पुढच्या वेळी एकक बदलवलं तं निदान कंपायलर तरी ओरडन. हे आधीच सुचाले पाहिजे होतं.

यवतमाळवाल्या भाऊ, तुझ्या शेततळ्याची फाइल टेस्टमधी टाकू का? चित्र काढून जुन्या चित्रासंगं ताडून पाहाले चांगली आहे, सरळ चौकोन, फरक पडला तं लगेच दिसते.

फायनल_इयर_यवतमाळ
टाका सर. फक्त गट नंबर काढून टाका, शेत काकाचं आहे, त्यांना विचारलेलं नाही.